स्पर्धेतलं फुलपाखरू मोकळं हवं

काळीभोर पार्श्वभूमी. मधोमध लेमन पॅन्सी नावाचं फुलपाखरू, पंख अर्धवट मिटलेले, डोळ्यांवर, मिशांवर आणि सोंडेवर पाण्याचे टपोरे थेंब. असा फोटो प्रदर्शनात लागला की लोक त्याच्यापुढे रेंगाळतात. जाणत्याने मात्र फुलपाखराखालचं पान बघावं. पानावर एक थेंब नाही. दव आधी गवताच्या पात्यांवर आणि पानांच्या कडांवर धरतं. रात्रभर उघड्यावर बसलेल्या फुलपाखरावर ते पडतं तेव्हा बारीक कणाकणांनी, सगळ्या अंगावर सारखं पसरतं. इथले थेंब स्प्रेच्या बाटलीतले आहेत. मग पाय बघावेत. पॅन्सीच्या कुळातली फुलपाखरं चारच पायांवर उभी राहतात, पुढचे दोन आखूड पाय छातीशी दुमडलेले असतात. या फोटोत त्या चारांतले दोन हवेत लोंबतायत. हे फुलपाखरू आपणहून त्या पानावर आलेलं नाही. पकडून, थंड करून, आणून ठेवलेलं आहे.

डबीत बंद करून दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं की फुलपाखरू बधिर होतं आणि पुढची काही मिनिटं हवं तिथे, हवं तसं बसवता येतं. असं करणारे थोडेच असतील. पण बक्षीस त्यांना मिळतं आणि बघणारे त्यातून शिकतात, हे वाईट आहे.

इंदुरात गणेशोत्सवापासून वन्यजीव सप्ताहापर्यंत, म्हणजे साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ८ ऑक्टोबरपर्यंत, शाळा, मंडळं आणि कॅमेरा क्लब यांच्या छायाचित्र स्पर्धांना भर असतो. माळव्यात फुलपाखरांचाही हाच मोसम. म्हणून या सगळ्यांनी आपापल्या नियमावलीत एक कलम घालावं, असं माझं म्हणणं आहे: फुलपाखरांच्या गटात फक्त रानातलं, मोकळं, हात न लावलेलं फुलपाखरू चालेल, आणि तेही फक्त नैसर्गिक प्रकाशात टिपलेलं. फ्लॅश नाही, रिंग लाइट नाही, एलईडीची पट्टी नाही.

कलमाच्या पहिल्या अर्ध्याला उघड विरोध कुणी करत नाही. अडतं ते दुसऱ्या अर्ध्याशी. फ्लॅशने फुलपाखराचं काय बिघडतं, नीट डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) लावून मारला तर खवला न् खवला दिसतो, असं म्हणणारी मंडळी कसलेली आहेत आणि तंत्रापुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. माझा आग्रह इजेवर उभा नाही, पुराव्यावर उभा आहे. फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. वीतभर अंतरावरचं फुलपाखरू लख्ख उजळतं, आणि त्याच्यामागे दोन-तीन फुटांवरचं झुडूप, ओढा, आकाश सगळं काळ्या रंगात बुडतं. त्या काळ्या रंगात इंदूरजवळच्या रालामंडळ अभयारण्याची टेकडीही मावते आणि बैठकीतलं टेबलही. परीक्षकाला दोन्हींतला फरक कळायला काही वाव उरत नाही.

उन्हात काढलेल्या फोटोत मागचं हिरवं धूसर का होईना, असतंच. सावली कुठे आणि किती लांब पडलीय त्यावरून सूर्य किती वर होता ते समजतं. पंख किती उघडलेत त्यावरून फुलपाखरू ऊब घेत होतं की उन्हापासून अंग चोरत होतं ते समजतं. असा फोटो खोटा करायला इतके कष्ट पडतात की तेवढे कष्ट घेणारा माणूस सरळ रानातच जाऊन बसेल.

आणि रानात बसणाऱ्याला सगळं आयतं मिळतं. फुलपाखराला अंगची ऊब नसते. उडण्याचे स्नायू छातीत असतात आणि ती छाती तिशीच्या आसपास तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. ऑक्टोबरात इंदूरला सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो, तेव्हा हवा विशीच्या आसपास असते. त्यामुळे पहिला तासभर फुलपाखरं गवतात आणि पानांखाली गप्प बसून राहतात. साडेसातच्या सुमारास झुडपांच्या पूर्वेच्या अंगाला ऊन लागलं की ती वर येतात. पॅन्सी आणि एगफ्लाय पंख सपाट उघडून पाठ उन्हाला देतात. ग्रास यलो आणि एमिग्रंट पंख मिटूनच, एका कुशीवर कलून ऊन घेतात. साडेनऊच्या पुढे त्यांची लगबग सुरू होते आणि मग जवळ जाणं अवघड होतं. फ्रीज, स्प्रे आणि दिवे लावून जे जमवायचं असतं, ती थंडी, ते स्थिर बसणं, ते दव आणि ते तिरपं सोनेरी ऊन, रोज सकाळी दोन तास उघड्यावर पडलेलं असतं. त्यासाठी फक्त लवकर उठावं लागतं. रालामंडळ अभयारण्य १९८९ पासून आपल्या दाराशी आहे. सिरपूरचा तलाव २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, तो पक्ष्यांसाठी ओळखला जातो, पण त्याच्या बांधावरच्या झुडपांकडे दुर्बीण फिरवणारे फार थोडे.

उन्हात टिपताना सगळ्यात जास्त फोटो सावलीमुळे जातात. सूर्य पाठीशी ठेवा, हा जुना सल्ला इथे उलटतो. ऑक्टोबरात सकाळी आठ वाजता साडेपाच फुटी माणसाची सावली चौदा फुटांच्या आसपास लांब पडते. तुम्ही अजून चार पावलं दूर असता आणि ऊब घेत बसलेल्या फुलपाखरावर तुमची सावली आधीच पोचलेली असते. ते उडतं, आणि आपण समजतो की लाजाळू जात आहे. म्हणून सूर्य खांद्याच्या बाजूला घ्यावा, दूर असतानाच गुडघ्यांवर यावं आणि मग पुढे सरकावं. कॅमेरा आधीच डोळ्याला लावलेला असावा, कारण जवळ पोचल्यावर हात उचलणं ही सगळ्यात मोठी हालचाल ठरते. आपण सरळ त्याच्या दिशेने सरकलो तर फुलपाखरू चालवून घेतं, आडवे हललो तर नाही. दोन पावलं, थांबा, पुन्हा दोन पावलं. ते पंख झपझप मिटू-उघडू लागलं तर तिथेच थांबावं. आणि ज्या झुडपावर ते बसलंय त्याच्या एकाही फांदीला बूट, गुडघा किंवा बॅगेचा पट्टा लागू देऊ नये. पायाखाली वाकलेली एक काडी तीन फुटांवरचं पान हलवते.

उडालंच तर मागे धावू नये. पॅन्सी आणि एगफ्लायचे नर आपली जागा राखून असतात, घुसखोराला हाकलून बऱ्याचदा काही मिनिटांत त्याच काडीवर परत येतात. त्या काडीवर फोकस धरून बसणं हे पाठलागापेक्षा शंभर पटींनी फळतं.

कॅमेऱ्याचं गणित फार नाही, पण ते चुकलं की सकाळ वाया जाते. पाच सेंटिमीटर पंखांच्या फुलपाखराने फ्रेम भरायची असेल तर निम्म्या आकाराचं मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवर फुलपाखरू निम्म्या आकाराचं उमटणं, पुरतं. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने ते मिळवताना काचेचं तोंड फुलपाखरापासून साधारण सव्वा वीत दूर राहतं. या अंतरावर, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलं तर धारदार दिसणारा पट्टा जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा असतो, एफ ११ ला चार. म्हणून सेन्सर पंखांना समांतर हवा. पंख मिटलेले असतील तर बरोबर बाजूने बसावं, एफ ८ मध्ये मिशीपासून शेपटीपर्यंत सगळं येतं. पंख उघडे असतील तर सरळ वरून टिपायचा मोह होतो, आणि तिथे पुन्हा आपलीच सावली आडवी येते. मग थोडं तिरकं बसून एफ ११ घ्यावं आणि फोकस डोळ्यावर धरावा. मागच्या पंखाची कड धूसर राहिली तर चालते, डोळा धूसर राहिला तर फोटो गेला. एफ १६ च्या पुढे जाऊ नये, तिथे विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळंच मऊ पडायला लागतं. शटर, कॅमेरा हातात धरून, किमान सेकंदाचा २५० वा भाग, वाऱ्यावर गवत डुलत असेल तर ५०० वा. तिरप्या उन्हात यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ४०० ते ८०० लागतो, सावलीत १६०० आणि वर. त्याला घाबरू नये. दाणे थोडे वाढतात, हललेला फोटो मात्र कशानेही दुरुस्त होत नाही.

रंग जातात ते कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर विसंबल्याने. पांढरं पायोनियर फुलपाखरू हिरव्यागार झुडपात छोटंसं बसलेलं असतं, मीटर झुडूप मोजतं, फोटो उजळवतं आणि पंखांवरच्या काळ्या शिरांमधला पांढरा रंग जळून कोरा कागद होतो. तिथे एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). कॉमन क्रो हे काळपट फुलपाखरू फ्रेमभर असेल तर उलट होतं, मीटर काळ्याला राखाडी करू बघतं, म्हणून तिथेही थोडं कमीच. ग्रास यलो सर्वांत फसवं. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, एकत्र बघितला तर सगळं आलबेल दिसतं, पण लाल रंगाचा आलेख वेगळा उघडला तर तो उजव्या भिंतीला टेकलेला असतो, आणि पंखांवरचे बारीक तपकिरी ठिपके पिवळ्यात विरघळलेले असतात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दिवसाच्या उजेडावर पक्का ठेवावा. ऑटोवर ठेवलं तर सकाळचं सोनेरीपण कॅमेरा चूक समजून पुसून टाकतो.

डॅनेड एगफ्लायच्या नरासमोर बसलं की नैसर्गिक प्रकाशाचा हट्ट कशासाठी ते डोळ्यांनी दिसतं. पंख मखमली काळे. पुढच्या पंखांवर दोन-दोन, मागच्यांवर एक-एक मोठा पांढरा ठिपका. प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळट निळी झळाळी, पण ती नेहमी दिसत नाही. तो रंग रंगद्रव्याचा नाही, खवल्यांच्या रचनेतून ऊन परतताना उमटतो, आणि ऊन, पंख आणि आपला डोळा यांचा कोन जुळला तरच दिसतो. नर ऊब घेताना पंख सावकाश उघडतो, किंचित मिटतो, पुन्हा उघडतो. झळाळी एका पंखावर पेटते, विझते, दुसऱ्यावर सरकते. क्वचित अर्धा क्षण चारही पंखांवर एकदम असते. कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशचा कोन ठरलेला असतो. तो पंखाला एकाच दिशेने ठोकतो, आणि ही सगळी सरकणारी आग एका चपट्या निळ्या डागात अडकते. उन्हात त्याच काडीसमोर अर्धा तास बसून चाळीस फ्रेम घेतल्या तर त्यांतली एखादी चारही पंखांची निघते. ती एक फ्रेम फुलपाखराचं वागणं सांगते. बक्षीस तिला मिळावं.

आक्षेप आणखी दोन आहेत. पावसाळ्यात ऊन नसतं, मग काय करायचं? पातळ ढग हा सगळ्यात मोठा डिफ्यूझर आहे. पांढऱ्या आणि पिवळ्या फुलपाखरांना तर ढगाळ सकाळच बरी, सावल्या काळ्या पडत नाहीत आणि पंख जळत नाहीत. आयएसओ ३२०० पर्यंत न्यावा लागेल, आजचे कॅमेरे ते सहज पेलतात. दुसरा आक्षेप असा की नियम कडक केला तर शाळकरी मुलं बाहेर पडतील. उलट, या नियमाने त्यांनाच जागा होते. फ्लॅश, ब्रॅकेट, डिफ्यूझर हा खर्च ज्याला परवडतो त्याचंच आजवर पारडं जड होतं. चांगल्या मोबाइलच्या टेलिफोटो लेन्सने हातभर अंतरावरून पॅन्सी छान येते. स्क्रीनवर फुलपाखराला बोट लावून फोकस पक्का करायचा, उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची, आणि बोटांनी ताणून झूम करायचं नाही, पुढे सरकता येत नसेल तर नंतर कापून घ्यायचं. आठवीतल्या मुलीला आणि दीड लाखाचा कॅमेरा बाळगणाऱ्याला ऊन तेच मिळतं.

काही गोष्टींना सूट हवी. पांढरा पुठ्ठा धरून सावलीच्या बाजूला थोडं ऊन परतवणं चालावं, तो सूर्याचाच उजेड आहे. चकचकीत फॉइल नको, त्याने पंखांवर कवडसे पडतात. घरी कढीपत्त्यावर लाइम फुलपाखराची अळी सांभाळून कोष फुटताना टिपणारे लोक मोलाचं काम करतात, त्यांच्यासाठी वेगळा गट ठेवावा आणि तसं स्पष्ट लिहावं. रात्रीच्या पतंगांचा प्रश्नही वेगळा आहे.

परीक्षकांनी मात्र मेहनत घ्यायला हवी. नुसता जेपीजी घेऊन निकाल लावू नये. पहिल्या दहा फोटोंची मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने जशीच्या तशी साठवलेली) मागावी, मोबाइलवरच्यांची न कापलेली मूळ फाइल. सोबत तारीख, वेळ, परिसराचं नाव, झाडाचं नाव आणि त्याच जागेचा एक साधा मोठ्या चौकटीतला फोटो. हे मागितलं की निम्मे बनाव आपोआप अर्जच करणार नाहीत. उरलेल्यांसाठी फुलपाखरांची ओळख लागते, म्हणून परीक्षक मंडळात एक तरी माणूस त्यांचा अभ्यास असलेला असावा. इव्हनिंग ब्राऊन दिवसभर सावलीतल्या पाचोळ्यात दडून राहतं, संधिप्रकाशात उडतं आणि सडलेल्या फळांवर जातं. ते भर दुपारी झिनियाच्या फुलावर दाखवलं असेल तर विचारायला हवं. त्याची आणि लेमन पॅन्सीची पावसाळी आणि कोरड्या दिवसांतली रूपंही वेगळी असतात. पावसाळ्यात पंखांच्या खालच्या अंगावर ठसठशीत डोळे, कोरड्या दिवसांत तेच अंग वाळक्या पानासारखं. जुलैची तारीख आणि वाळक्या पानाचं रूप एकाच अर्जावर आलं तर शंका घ्यावी. आणि अभयारण्यातून कुठलाही वन्य जीव परवानगीशिवाय उचलून नेणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे नियमावलीत ठळक अक्षरांत छापावं. रालामंडळहून फुलपाखरू डबीत घालून घरी आणणाऱ्याला ते माहीत असतंच असं नाही.

हे सगळं पाळायचं तर फुलपाखरं गावात सापडायला हवीत, आणि तिथे शहराकडे एक मागणं आहे. २०१७ पासून अनेक वर्षं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलंय, याचा इथल्या प्रत्येक मराठी घराला अभिमान आहे, मलाही आहे. पण बागेच्या कडेचं तण म्हणजे कचरा नाही. फुलपाखरांसाठी म्हणून आपण फुलझाडं लावतो, ती त्यांची खाणावळ झाली. अंडी घालायला त्यांना ठरलेलीच झाडं लागतात. ग्रास यलोला टाकळा, इकडे ज्याला पुवाड म्हणतात. प्लेन टायगरला रुई. एमिग्रंटला बहावा. कॅस्टरला एरंड. आणि त्या झळाळत्या एगफ्लायच्या मादीला साधी घोळ, जी आपण भाजी म्हणून खातो. ऑगस्ट-सप्टेंबरात लॉनच्या कडेने यंत्र एकदा फिरलं की टाकळा आणि घोळ जमीनदोस्त होतात, त्यांच्यावरच्या अळ्यांसकट. हिरवळीतली एकदांडीही जाते, तिच्या इवल्या पिवळ्या फुलांवर छोटी निळी फुलपाखरं जगतात. मग त्याच बागेत फोटो काढणाऱ्याला काही सापडत नाही आणि जाळी घेऊन टेकडीवर जायचा मोह होतो.

म्हणून प्रत्येक मोठ्या बागेत सकाळचं ऊन लागणाऱ्या कडेचा दोन मीटर रुंदीचा पट्टा १५ जुलै ते १५ नोव्हेंबर कापू नये आणि तिथे कीटकनाशक फवारू नये. टणटणी तेवढी उपटावी, ती बाकी सगळ्यांना दाबते. पट्टा माळ्याला आणि फिरायला येणाऱ्यांना दुर्लक्षित वाटू नये म्हणून एक पाटी लावावी: इथला टाकळा, घोळ आणि रुई मुद्दाम ठेवलेली आहे. सप्टेंबरात त्या टाकळ्याच्या पानांवर मिलिमीटरभर उंचीचं, दोन्ही टोकांना निमुळतं, उभं पांढरं अंडं दिसेल, ते ग्रास यलोचं. त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी. तीनेक आठवड्यांनी सकाळी उजाडताच तिथे जावं आणि देठांवर हिरवा, चिंचोळा कोष शोधावा. त्यातून नुकतंच बाहेर पडलेलं फुलपाखरू पंख वाळेपर्यंत त्याच काडीला धरून लोंबत असतं, सूर्य खांद्याशी घेऊन गुडघ्यांवर बसायला पुरेसा वेळ मिळतो.